डाव्या कानाची खूण

— नाही, खाली बघू नका. खाली बघितलं की माणूस वाकतो, माणूस वाकला की पँट वर चढते, आणि मग तुम्हीच गावभर सांगाल, शिंपीणकाकूंनी आखूड केली. समोर बघा, खिडकीबाहेर. आणि हलू नका, माझ्या हातात कात्री आहे — घाबरताय कशाला, कात्री असणारच, शिवणकाम करते मी, सेक्रेटरीसाहेब. लोक विसरतात. तुम्हीच मीटिंगमध्ये मला ‘ती मांजरवाली’ म्हणाला होतात ना? कापड मात्र झकास आहे. सत्कारासाठी, हो ना? स्वच्छ सोसायटी, पहिला नंबर. स्टेजवर चढायचं म्हणजे पँट नीट हवी, पुढच्या रांगेला आधी पायच दिसतात. मी येणार आहे. पुढच्याच रांगेत बसणार आहे.

काय? पँट नुसतं निमित्त? अहो, ते तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हाच कळलं. एरवी मोठ्या दुकानात कपडे टाकणारे तुम्ही — आज नाक मुठीत धरून माझ्या स्टुलावर! घरात वास येतो, मांजर ओरडतं, बायको माहेरी जाईन म्हणते. आणि पिंजरे आहेत का म्हणून विचारता? आहेत ना. पलंगाखाली आहेत. राहू देत तिथेच जरा.

सरळ उभे राहा. तुम्हाला वाटायचं, म्हातारीला उद्योग नाही, ताटलीवर चमचा वाजवते आणि मांजरं गोळा करते. गोळा करत होते, पण कशाला? ताटलीच्या आवाजाला आली की पिंजऱ्यात खाणं ठेवायचं, दार पडलं की वरून चादर टाकायची — अंधार झाला की घाबरत नाहीत — आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. तिथे नसबंदी. भुलीतच डाव्या कानाचं टोक कापतात, खूण म्हणून, की हिचं काम झालंय, हिला पुन्हा धरू नका. आणि मग जिथून उचलली तिथेच सोडायची. का? कारण जागा रिकामी ठेवली की दुसरी येऊन बसते, आणि ती येते ती पिल्लं घालायलाच. आपल्या आवारात पिल्लू दिसेनासं झालं होतं, आठवतं? नाही आठवायचं. त्रास नसला की माणसाला काही आठवत नाही.

आणि मी बहिणीच्या आजारपणात गेले, तेवढ्यात तुम्ही मांजरं उचलणारी गाडी बोलावलीत. गाडीवाल्यांना काय सांगितलंत — थांबा, मला वॉचमननं सगळं सांगितलंय — ‘कान कापलेल्या उचला, त्या रोगट आहेत. अख्ख्या कानांच्या कुणाच्या तरी पाळलेल्या असतील, उगाच बोंब होईल.’ चोर सोडून संन्याशाला फाशी! जिचं जिचं काम झालं होतं, ती प्रत्येक गेली, आणि जिचं व्हायचं होतं ती तेवढी राहिली. आणि बोलावलं कसं? ताटलीवर चमचा वाजवून. माझी खूण. माझी काळी मांजर, काजळी, कुणाच्या बापाकडे जायची नाही, सेक्रेटरीसाहेब. आमचे हे गेल्यावर ह्यांच्या खुर्चीत झोपायची तेवढंच. पण त्या आवाजाला ती धावत आली असणार. मी परतले ते मंडईमागे, गोदामांत, नाल्याकाठी ताटली वाजवत हिंडले. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं. म्हणू देत.

हा आवाज? काही नाही, जादाचं कापड. समोर बघा. आता तुम्ही भोगा. त्या तांबड्या मांजरीनं तुमच्या वॉशिंग मशीनमागे घातलीत ना तीन पिल्लं, त्यातल्या एकाचे तर डोळे चिकटलेत —

काय? मशीनचं नाव नव्हतं काढलंत? पिल्लांचंही नाही? बरं. नसेल काढलं. तुमच्या मागच्या जिन्यावरून दिसतं, खिडकीची काच फुटलीये. तिथे कशाला जाते? ताटली ठेवायला जाते. रोज. ऐकायचंच आहे ना, मग ऐका. ती तांबडी माझ्या पिंजऱ्यात आली होती. पोट दिसत नव्हतं तेव्हा, डॉक्टरीणबाईंनी वेळ दिली होती, चादर टाकून जिना उतरले — आणि नोटीस बोर्डावर तुमचा फोटो. स्वच्छ सोसायटी. हसताय. मी तशीच वळले, तुमच्या मागच्या जिन्यावर गेले आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. मुद्दाम. वाईट वाटतं का? तुमचं? छे. त्या चिकटल्या डोळ्यांच्या पिल्लाचं वाटतं. ते माझ्या माथ्यावर. म्हणून येईन संध्याकाळी, पिल्लांना घेऊन जाईन, तांबडीचं ऑपरेशन करून आणीन — आणि तुमच्याच आवारात सोडीन. तिचा कापलेला कान तुम्हाला रोज दिसायला हवा.

झालं. आता बघा खाली.

हो, डावा. उजवा अगदी मापात आहे, हात बसलाय माझा, चूक होत नाही. डावा चार बोटं वर कापलाय. डॉक्टरीणबाईंकडे भूल असते, मला तुम्हाला बोलण्यात गुंतवावं लागलं. ओरडू नका. खूण आहे ती, तुम्हाला आता कुणी उचलून नेणार नाही. उतरा. टाचण्या काढून ठेवा त्या डबीत, आणि निघा.

आणि दार ओढून घेऊ नका. राहू दे उघडं. काजळी आली तर तिला ढकलता यायचं नाही.