गोधडीतलं लुगडं

मंडळी, एक साधा प्रश्न. हाल सोसले आईनं, कविता केली लेकानं — मग टाळी कुणाची? बोला! 'आईची' म्हणालात? वा! आता शब्द फिरवायचा नाही हं!

तर बार्शीकडे विश्वंभर नावाचा एक कवी होता. आवाज खणखणीत! आईच्या फाटक्या लुगड्यावरची त्याची कविता सुरू झाली, की अख्खा मांडव मुसमुसायचा. एकदा मोठ्या संमेलनाचं बोलावणं आलं. आयोजक म्हणाले, "कविराज, दारात तुमचा भला मोठा फलक लावतो. फोटो मात्र झकास पाठवा!" आता याच्याकडे फोटो कुठला? आधार कार्डावरचा! पोलिसांनी धरून आणल्यासारखा! हसू नका, तुमचाही तसाच आहे.

विश्वंभर फोटोग्राफरला घेऊन गावी गेला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, एकटे नको. शेजारी आई हवी. फाटक्या लुगड्यात!"

इकडे आई, गिरजाबाई, हरखून गेलेली! लेक आपला फोटो काढायला आला! ती आत गेली, केस विंचरले, ट्रंकेतलं इरकल नेसून बाहेर आली.

"आये, हे गं काय? फाटकं कुठाय?"

"आता कशाला बाबा फाटकं? तूच तर दिवाळीला हे घेतलंस! ते फाटकं तर कवाच गोधडीत घातलं की."

मंडळी, ती गोधडी कसली होती, ऐका. नवरा गेल्यावर त्याचं धोतर आत घालून, वरून आपलं लुगडं लावून गिरजाबाईनं शिवलेली! विश्वंभर तिच्यातच निजून लहानाचा मोठा झाला. आणि या शहाण्यानं काय केलं? कात्री घेतली! कर्र... कर्र... टाके उसवले! वरचं लुगडं सोडवून आईपुढं टाकलं — "हे नेस."

गिरजाबाई खाली वाकली. आतलं धोतर उघडं पडलं होतं, तेवढं घडी करून कोनाड्यात ठेवलं. मग ते लुगडं नेसून अंगणात येऊन बसली. फोटोग्राफर म्हणतो, "आजी, हसू नका! दुःख आठवा!" अरे, आठवायचं कशाला? समोर कात्री घेऊन उभं होतं की!

फोटो फक्कड आला. फलक लागला. संमेलनाच्या दिवशी गिरजाबाई एकटीच एसटीनं आली. लेकाचा मान आहे म्हणून इरकल नेसून!

दारात बिल्लेवाला कार्यकर्ता. "आजी, पास?"

तिनं फलकाकडं बोट केलं. "ती मी हाय."

त्यानं फलक बघितला, हिला बघितलं. "चेष्टा करता का आजी? ती बघा केवढी गरीब आहे!"

तेवढ्यात विश्वंभर आला, मागं चार कॅमेरे. आईला बघून त्याचा चेहराच पडला. तिला बाजूला घेऊन पुटपुटला, "अशी नटून आलीस? लोक माझी कविता खरी मानतील का? ते लुगडं तरी आणलंस?"

"न्हाई बाबा. ते परत गोधडीला शिवलं. तू कधी मुक्कामाला आलास तर पांघरायला नको का?"

मंडळी, यावर पाय धरायचे असतात! पण आत त्याचं नाव पुकारलं — आणि तो गेला! गेला हो! कविता अशी रंगली म्हणता! सगळा मांडव आईसाठी रडला. आणि आई? बाहेर, फलकाच्या सावलीत, कर्ण्यातून ऐकत उभी!

आता बोला, टाळी कुणाला मिळाली? मघाशी मोठ्यानं ओरडणारे आता गप्प का?

बरं, विश्वंभराचं राहू द्या. तुम्ही आज कीर्तनाला निघालात, तेव्हा आईला 'चल' कुणी कुणी म्हटलं? हात वर करा. ... बघा! तिला घराची राखण करायला बसवलंत, आणि इथं येऊन तिच्या नावानं डोळे पुसताय!

पुसा, पुसा. मी थांबतो.