सुरंगीचा चहा

खोटं बोलतंय कोणीतरी. वास छान आहे म्हणायचं आणि कप अर्धा टाकून उठायचं — कालपासून तिघं अशीच गेली. निदान तुम्ही तरी खरं सांगा, मॅडम. नाही, साखर नाही. दूध तर नाहीच. आणि हा उकळायचा नसतो — गरम पाणी ओतायचं, झाकायचं, थोडं थांबायचं. इथे थांबायलाच कोणाला नको असतं. बाबा तर म्हणाले, ‘ह्या पाण्याक चाय म्हणतंस?’

मी पहिल्यांदा प्यायलो तो नेव्हिलकडे. मित्र माझा, बोटीवर असतो, चीनमधून आणला होता. डबा उघडला तर नुसती पानं — एक पाकळी नाही, आणि वास मोगऱ्याचा! पाणी पडलं, आणि काय सांगू — कोणी गजरा माळून खोलीतून नुकतंच गेलंय, असं वाटलं. घोट गिळला तरी वास मागे राहतो. वेडच लागलं मला. मग वाचून काढलं सगळं. ते लोक पानं आणि कळ्या थरावर थर लावून ठेवतात, सकाळी फुलं चाळून काढतात, पुन्हा ताज्या कळ्या, पुन्हा थर. चहाचं पान जवळ जे असेल त्याचा वास पितं. म्हटलं, मोगराच कशाला? आमची सुरंगी काय कमी आहे? मार्चमध्ये वेंगुर्ल्याच्या या रस्त्यावरून जाणारा माणूस गाडी थांबवून विचारायचा, कसला वास हा? — हड! हे मांजर दोन दिवस टेबलाखालून हलत नाही बघा.

तर सुरंगी. ते मागचं झाड. उद्या करवतवाला येतोय त्याच्यासाठी. हो, उद्याच. तिथे पर्यटकांना खोल्या बांधायच्यात बाबांना. मी भांडलो. म्हटलं, या झाडाच्या फुलांचा चहा घ्यायला एक जरी हॉटेल तयार झालं तर झाड ठेवाल? ठेवतो म्हणाले. म्हणून तुम्हाला गोव्याहून बोलावलं. बाकी हॉटेलवाल्यांनी फोनसुद्धा उचलला नाही.

घ्या, काढा झाकण. येतो ना? — आठी का पडली कपाळाला? कडक झालाय? मी काय सांगणार, मला विचारू नका — मला वास येतच नाही. मोठा ताप आला होता, तेव्हापासून, चार वर्षं झाली. फुलाचा नाही, सुंगटांचा — कोळंबीचा — नाही, करपल्या दुधाचा नाही. नेव्हिलचा तो चहा नुसता आठवतो. हे बोलायचं नव्हतं मला. पण माई आहे ना, माझी आई! तिने रोज सकाळी हुंगून सांगितलं, ‘वास बरो इलो हा.’ थर लावायला हा डबासुद्धा तिनेच दिला, स्वयंपाकघरातला मोठा, तीनदा घासून. आधी त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. माई कशाला खोटं बोलेल? तिला माहीत आहे, माझं काय काय अडकलंय यात.

कप खाली का ठेवलात? थांबा, जरा थांबा, या हौसाबाई आल्या. सुरंगीच्या वेण्या करतात. कळ्या यांनीच काढून दिल्या आणि लेकीकडे गेल्या बांद्याला, त्या आज परततायत. त्यांना भीडभाड नाही, तोंडावर सांगतील. हौसाबाई! हय येवा जरा —

“बाबू, सुक्या सुंगटांचो डबो उघडो कित्याक टाकलंस रे? मांजर टपान बसलां हा बघ.”