सौम्याचं बटन

— हसलीस का? न्हाय, सांग की. ‘ऑफिसातनं अजून कुणाचा फोन न्हाय’ म्हटल्यावर हसलीस तू, मी बघितलो. दारातच थांब, लोंढ्याला गाडी थांबतीय बराच वेळ. मी रेंजसाठी उतरलोय. पुढं घाटात ती पण न्हाय.

हे बघ चिन्मयी, तुला त्यातलं कळत न्हाय म्हणून सांगतो. निपाणीच्या डेअरीचं अ‍ॅप आज नवीन चढवायचं — म्हणजे सर्व्हरवर, जुनं काढून नवीन, दूध घालणाऱ्यांना पत्तासुद्धा लागू न देता. इतकी वर्षं हातानं करतोय मी ते, एकेक कमांड टाइप करून. आधी एकाच सर्व्हरवर चढवीन, अंदाज घेईन, बिघडलं तर तिथल्या तिथं मागं आणीन — लगाम हातात असतोय गं! आणि आमच्या ऑफिसातल्या सौम्याबाईंनी काय आणलं? बटन. हिरवं. दाबलं की झालं म्हणे. आणि अडलं तर? विचार बटनाला, का अडलंस बाबा — सांगतंय व्हय ते? मुकं असतंय! साहेब तर लई खूश. ‘उपेंद्र, आता बिनघोर लग्न कर.’ बिनघोर! मला घोर हवा का नको, विचारला कोण?

पण फोन यायलाच पाहिजे हुता. कारण सेटिंगमधला एक कप्पा मी मुद्दाम — मुद्दाम न्हाय, राहिला म्हण — भरलोच न्हाय. म्हटलं, खानापूर यायच्या आत बोंबलतील, ‘अण्णा, अडलंय!’ मग मी तुझ्यासमोर लॅपटॉप उघडणार, तुला पण कळंल कुणाशी लग्न झालंय ते. आणि हे वाच, ग्रुपवर सौम्या — ‘बटन म्हणालं, एक कप्पा रिकामा आहे. भरला. चढलं. हॅपी जर्नी, सर.’ म्हणालं म्हणे! बटन!

असं बघू नको. तू तरी काय वेगळी आहेस? गोव्याचं तिकीट तू काढलीस, हॉटेल तू ठरवलीस — मोबाइलवर बोट फिरवलीस की झालं! नवरा कशाला आणलीस मग, बॅगा उचलाय? मी चाललो परत बेळगावला. ते बटनच उपटून टाकतो. तू जा एकटी. जाशील? व्हय, मान हलवाय काय जातंय! घरातनं बसस्टँडपर्यंत सोडाय माणूस लागतोय तुला, आणि —

ती कुठली बॅग काढाय लागलीस? अगं, माझी हाय ती. खाली कशाला दे— चिन्मयी, बोलायची पद्धत असती गं ती! सरक, आत येऊ दे मला. गाडी हलली की — चिन्मयी —