गुडघ्यांची चाचणी

माझ्या आठवणीचा आता भरवसा नाही, माहनूर, दुखणं गुडघ्यांचं होतं की कमरेचं? गुडघ्यांचंच म्हणतेस? हो, बाजारच्या दिवशी बाया लंगडत तुझ्या अब्बांच्या दवाखान्यात यायच्या. बस ना, उभी काहून? अब्बा गेल्याचं कळलं. जनाज्याला आलो नाही. कोणत्या तोंडानं — म्हणजे, तब्येत बरी नव्हती.

चाचणी खरी होती का, विचारतेस? चोख होती! उभा जन्म संख्याशास्त्र शिकवलं मी. अर्ध्या कुप्यांत तुझ्या अब्बांचं, गुलाम नबी डॉक्टरांचं, होमिओपॅथीचं औषध, अर्ध्यांत नुसत्या साखरेच्या गोळ्या, आणि कोणती कुपी कोणाला, हे ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरांना, फक्त मला. आराम दोन्हीकडे सारखाच पडला. म्हणजे औषधात काही नाही — दुसरा काय अर्थ निघतो? निघतो का? नाही. मी भर सभेत वाचून दाखवलं, त्यांना पहिल्या रांगेत बसवून. म्हटलं, डॉक्टरसाहेब, साखर तर किराणा दुकानातही मिळते! काय हसले लोक. तू नाही हसत — तेही नव्हते हसले. उठले, माझ्याशी हात मिळवला, आणि दुसऱ्या दिवसापासून शटर खाली.

आता तीच पाटी तुला पुन्हा लावायची, आणि त्यासाठी माझे दोन शब्द हवेत? नाही मिळणार. एवढी शिकलीस आणि साखर विकणार? माझं मत तेच आहे. मत, हं — निकालाचं वेगळं... कोण म्हणालं? सुग्राबी, चाचणीतली ती पेशंट? तिच्या बोलण्यावर काय जायचं — गेलो होतो ना मी, तिच्याकडे, घरोघर, बऱ्याच वर्षांनी. तुझे अब्बा होते तेव्हा. अंथरुणावर, पण होते. त्यांना सांगून काय झालं असतं, तूच सांग? रडू नकोस, रडण्यानं काही सिद्ध होत नाही. जा आता. दार ओढून घे.

अजून उभीच? मग ऐक, आणि जा. 'एकीले दवा अन् एकीले साखर, हे बरं नाही दिसत, सर,' असं म्हणाली सुग्राबी मला. पहिल्याच दिवशी मोहल्ल्यातल्या, म्हणजे चाचणीतल्या साऱ्याच, कुप्या तिनं एका परातीत ओतल्या होत्या, गोळ्या हातानं कालवल्या होत्या, आणि प्रत्येकीची कुपी पुन्हा भरून दिली होती.