माझ्या केसबुकातलं विसावं बाळंतपण

मी तंजावरची. आमची मराठी तुम्हाला जुनी वाटत असेल, वाटू दे, आमच्या घरात अशीच बोलतात. वडील शाळेत मास्तर, मी अकरा वर्षांची असताना गेले, मग आई आणि मी मामाच्या दारात, आणि ते दिवस कसे गेले ते विचारू नका. शाळा संपली तशी मी मद्रासला नर्सिंगला अर्ज केला. मामा म्हणाले, परक्यांची घाण उपसणार, कोण करील गं लग्न तुझ्याशी. मी म्हटलं, मामा, तुमच्या ताटातल्या भातापेक्षा ती घाण बरी. असं तोंड माझं पहिल्यापासून. मद्रासच्या जॉर्ज टाउन बाजारातले पितळेची भांडी विकणारे मला लांबून बघितलं की अजून म्हणतात, आली भाव पाडणारी बाई, आज आपलं काही खरं नाही.

तर तिथं नियम असा, की प्रत्येक मुलीनं आपल्या हातानं वीस बाळंतपणं करायची, केसबुकात लिहायची, खाली सिस्टरची सही. सही नाही तर परीक्षा नाही. आणि डॉक्टरचा हात लागला की ती केस आपली नाही. काय सांगू तुम्हाला, बायका ढिगानं येत होत्या, पण डॉक्टरी शिकणारी मुलंही तिथंच, त्यांनाही केसेस हव्यात आणि त्यांचा मान पहिला. सकाळपासून बाईची कंबर आम्ही चोळायची, तिच्या उलट्या आम्ही धरायच्या, आणि डोकं दिसायला लागलं की हे हात धुऊन पुढं, आम्ही बाजूला. हा अन्याय मी आजही विसरले नाही, कुणीही विचारा, मी सांगेन. सगळ्यांना तेवढंच सांगत आले. पुढचं सांगितलं नाही.

माझ्या एकोणीस झाल्या होत्या, परीक्षेला आठवडा. त्या दिवशी चेल्लम्मा आली. नवरा गोदामात पोती उचलायचा, पहिलं मूल दोन दिवसांचं होऊन गेलेलं. सकाळपासून माझा हात धरून होती, अक्का, तू जाऊ नको, अक्का, तू इथंच थांब. दुपारी डोकं दिसायला लागलं आणि एक शिकाऊ डॉक्टर हात पुसत आला. मी आडवी आले. म्हटलं, सकाळपासून तुमच्या दोन झाल्या, ही माझी. तो म्हणाला, तू कोण ठरवणार? मी म्हटलं, आठवडाभर तुमचे ड्रेसिंगचे ट्रे मी लावते, ही सोडा. तो हसला, घे बाई, पण अडकलं तर मला हाक मारू नको. मारते कशाला, म्हटलं मी, तुमच्याशिवाय पोरं जन्माला येत नव्हती काय!

डोकं आलं. आणि मागं ओढलं गेलं, कुणी आतून धरून ठेवावं तसं, खांदे अडकले होते. आम्हाला शिकवलेलं होतं, असं झालं की ओरडायचं, जो असेल त्याला बोलवायचं, आणि डोकं धरून ओढायचं नाही म्हणजे नाही, मानेतल्या हाताच्या शिरा तुटतात. सिस्टर पडद्यापलीकडं, दहा पावलांवर. तोही तिथंच. मी ओरडले नाही. माझी विसावी जाईल म्हणून, आणि खरं सांगू, त्याहून जास्त, तो हसेल म्हणून. मी ओढलं. सगळा जोर लावून ओढलं.

मुलगी झाली. निळी पडली होती, मी पाठ चोळली, रडली. सिस्टर आली, विचारलं, खांदे लगेच आले ना? मी म्हटलं, हो सिस्टर, लगेच. सही झाली.

पोरीचा उजवा हात नुसता लोंबत होता. मोठे डॉक्टर म्हणाले, मूल मोठं होतं, होतं असं कधी कधी. होतं, ठाऊक आहे मला, चांगल्या चांगल्यांच्या हातून होतं. पण त्यांनी हाक मारलेली असते. मी मारली नाही.

तिसऱ्या दिवशी चेल्लम्मा म्हणाली, अक्का, हा हात का हलत नाही? मी म्हटलं, तेल लाव, येईल हळूहळू. ती म्हणाली, पहिलं गेलं, हे तुझ्या हातानं जगलं, हिला तुझंच नाव ठेवते. अंबुजा. मी नको म्हटलं नाही.

दहा वर्षं झाली. आता माझं स्वतःचं घर आहे, दारावर सुईण म्हणून पाटी आहे, हाताखाली दोन मुली शिकतात, आणि जरा काही अडलं की मी त्यांच्यावर खेकसते, हाक मारा, मेल्यांनो, हाक मारायला काय जीभ झडते! त्या म्हणतात, अक्काला राग फार.

दर नवरात्रात चेल्लम्मा लेकीला घेऊन आमचा कोलू, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला येते. यंदा शेजारीण पोरीला सुंदल, प्रसादाची हरभऱ्याची उसळ, द्यायला गेली, पोरीनं डावा हात पुढं केला, तर शेजारीण ओरडली, उजवा कर, देवासमोर डावा हात करतात होय! मी तिला अशी झापली की ती परत आलीच नाही. चेल्लम्मा म्हणते, जाऊ दे अक्का, तिला काय ठाऊक. मग मी म्हटलं, चेल्लम्मा, त्या दिवशी... ती म्हणाली, काय अक्का? आयुष्यभर भाव करत आले, कुणापुढं शब्द अडला नाही. म्हटलं, सुंदल आणखी घे.

तुम्ही लिहिताय तर हे लिहा, माझ्या नावासकट. चेल्लम्माला वाचता येत नाही. पोरगी शाळेत जाते, तमिळ वाचते, आमची मराठी नाही, तेव्हा कुणीतरी तिला तमिळ करून वाचून दाखवायला हवं. दाखवा.

त्या नवरात्रात निघताना पोरगी माझ्या पाया पडायला वाकली. एकच हात, डावा, आधी एका पावलाला लावला, मग दुसऱ्याला. सुखी राहा, अंबुजा, म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार.