अण्णांचा समुद्र

समुद्राचं कौतुक आमच्या अण्णांपुढं करायचं नाही बरं का! हे माझे चुलते, हिवरे बाजारचे. पावसाचं पाणी अडवण्यात उभी हयात गेलेली. यंदा श्रावणात त्यांना कोकणात, कड्यावरच्या एका जुन्या किल्ल्याच्या गावी नेलं. खाली लाटा नुसत्या उसळत होत्या आणि अण्णा तिकडं पाठ करून उभे!

"अण्णा, समुद्र इकडं हाय."

"बघितला. ह्या डोंगराला एक बी चर खणला न्हाई रं, सगळं पानी पळतंय."

चहावाला हसला. "आजोबा, इथं धो धो पाऊस. अडवायचं कशाला?"

"उन्हाळ्यात टँकर येतो का न्हाई?"

"येतो की."

घरी काकूनं विचारलं, "कसा हाय वो समुद्र?"

"लई मोठा. लोकांनी लई पानी वाया घालवलंय."