मनगटातले नातेवाईक

सासू : हळू दाब गं. मनगट आहे, लिंबू नव्हे.

सून : आई, हलू नका ना. अंगठ्याखालचं हाड आत्ता कुठे सापडलंय, परत निसटेल.

सासू : माझं हाड मला सोडून कुठे जाणार? आणि पेनाने काय गिरवतेस?

सून : खुणा. मनगटात आठ हाडं, चार-चारच्या दोन रांगा. उद्या तोंडी परीक्षेत सर सांगाड्यावर बोट ठेवणार, मी नाव सांगायचं. दोनदा नापास झालेय. उद्या राहिले, तर फिजिओथेरपीला कायमचा रामराम.

सासू : मग घोक की.

सून : घोकून झालं. नावं परकी, मनात बसतच नाहीत. म्हणून घरच्यांना बसवलंय. ग्रुप फोटोसारखं.

सासू : घरच्यांना? माझ्या मनगटात?

सून : हे स्कॅफॉइड, म्हणजे बाबा. पटकन मोडतं आणि लवकर जुळून येत नाही.

सासू : चोख. पुढे?

सून : लुनेट म्हणजे... रागावणार नाही ना? ताई.

सासू : माझी लेक? ती का?

सून : जागेवरून सटकण्यात याचा पहिला नंबर.

सासू : हं. परवा फोनवर सटकलीच होती.

सून : ट्रायक्वेट्रल मोठ्या जाऊबाई. पिसिफॉर्म त्यांचा धाकटा, वाटाण्याएवढा, कायम त्यांच्या मांडीवर. मग बोटांकडची रांग. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड म्हणजे तुमच्या जुळ्या बहिणी. कोण कुठली, ते मला अजून कळत नाही.

सासू : मला तरी कुठे कळतं. अंगठ्याला धरून बसलेली ती थोरली, असं समज.

सून : आणि शेवटी हॅमेट. त्याला आकडा असतो. काकू.

सासू : अगदी. काहीही बोला, बाईंचा आकडा कुठेतरी अडकतोच. पण ही सातच झाली.

सून : सात? म्हणजे परत तेच राहिलं. दोन्ही वेळा तिथेच अडले. मधलं, कॅपिटेट.

सासू : तिथे कोण बसलंय?

सून : कुणीच नाही.

सासू : आणि मी कुठे आहे?

सून : तुम्हाला हाड कसं म्हणायचं, आई?

सासू : माझा नवरा मोडलास, लेक सटकवलीस, आणि आता लाजतेस? कसं असतं ते?

सून : सगळ्यांत मोठं. मधोमध. बाकीची त्याला टेकून असतात.

सासू : आणि ती खुर्ची रिकामी ठेवून तू फोटो काढत होतीस.

सून : बसवू तुम्हाला?

सासू : विचारतेस काय. फक्त सरांसमोर ‘सासूबाई’ म्हणू नकोस. हं, म्हण.

सून : (डोळे मिटून, मनगट चाचपत) स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड... कॅपिटेट. हॅमेट.

सासू : त्या मधल्याचं काम काय?

सून : सगळ्यांचा भार घ्यायचा. सहसा दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाही.

सासू : हे पुस्तकात आहे?

सून : नाही.

सासू : मग उद्या सांगू नकोस. पुन्हा म्हण, अंगठ्यापासून.